लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवण्याआधी : सही, परवाना आणि मालकी

घाटमाथा

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवू पाहणाऱ्या मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. सोपा बग कुठे मिळेल, सी किती पक्कं हवं, कुठला ईमेल प्रोग्रॅम वापरू. हे सगळं शिकता येतं आणि कर्नलच्याच डॉक्युमेंटेशन फोल्डरमधल्या 'सबमिटिंग पॅचेस' या फायलीत त्यातलं बरंचसं लिहून ठेवलेलं आहे. मला बोलायचंय ते पॅचच्या तळाशी असलेल्या एका ओळीबद्दल. ती सगळेच टाकतात, आणि तिच्यामागचा मजकूर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

साइन्ड-ऑफ-बाय: तुमचं नाव <तुमचा ईमेल>

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. बदल नोंदवणाऱ्या 'गिट कमिट' या आज्ञेला '-एस' जोडलं की ही ओळ आपोआप उमटते, म्हणून ती निव्वळ रीत वाटते. प्रत्यक्षात ती तुमची सही आहे, आणि ज्या कागदावर ती सही होते त्याचं नाव डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. सगळे डीसीओच म्हणतात. एका पानातही मावेल एवढा छोटा मजकूर आहे, कलमं चार. पहिलं : हे काम पूर्ण किंवा अंशतः मी केलं आहे आणि फायलीवर लिहिलेल्या परवान्याखाली ते देण्याचा मला हक्क आहे. दुसरं : हे आधीच्या कुणाच्या तरी कामावर उभं आहे, पण माझ्या माहितीप्रमाणे त्या कामाचा परवाना योग्य आहे आणि बदल करून पुढे देण्याची मला मुभा आहे. तिसरं : हे मला दुसऱ्या कुणी दिलं, त्याने हीच हमी दिली आहे आणि मी त्यात काही बदललेलं नाही. चौथं कलम विसरलं जातं : हे सगळं सार्वजनिक आहे आणि माझ्या नाव-ईमेलसकट त्याची नोंद कायम राहणार आहे, हे मला मान्य आहे.

कोड चालतो का, सुंदर आहे का, यावर या चार कलमांत एक अक्षर नाही. प्रश्न एकच : हे कुठून आलं आणि ते देणारे तुम्ही कोण?

हे आलं कुठून तेही सांगतो. मार्च २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर खटला भरला. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधला आमचा ऐवज आयबीएमने लिनक्सला देऊन टाकला, असा दावा. भरपाईची मागणी सुरुवातीला एक अब्ज डॉलरची होती, पुढे ती वाढत गेली. लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांनाही पत्रं गेली, आमच्याकडून परवाना घ्या म्हणून. युनिक्सचे कॉपीराइट मुळात एससीओकडे नसून नोव्हेल या कंपनीकडे आहेत, हे अमेरिकेतल्या ज्युरीने २०१० मध्ये सांगितलं. मधली सात वर्षं ती टांगती तलवार होती. त्या काळात कर्नलच्या लोकांना एक गोष्ट कळून चुकली. कोणती ओळ कुणी, कुठून आणली हे दाखवायला त्यांच्याकडे ईमेलचे ढीग उपसण्यापलीकडे साधन नव्हतं. मे २००४ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी डीसीओ मांडला. आज २००५ नंतरची, म्हणजे गिट आल्यानंतरची, कुठलीही ओळ उचला, 'गिट ब्लेम'ने ती आणणारा कमिट (नोंदवलेला बदल) शोधा, त्याच्या वर्णनात ती लिहिणाऱ्यापासून ती स्वीकारणाऱ्यापर्यंतच्या सह्या एकाखाली एक दिसतात.

आता परवाना. कर्नल जीपीएल दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, फक्त दुसऱ्या. जीपीएल म्हणजे कोड वापरा, बदला, पण वाटलात तर सोर्ससकट याच अटींवर वाटा, असं सांगणारा परवाना. 'किंवा नंतरची कोणतीही' हे शब्द कर्नलला एकूण लागू नाहीत, काही फायलींवर तेवढे आहेत. तिसरी आवृत्ती २९ जून २००७ ला आली तेव्हा टॉरवाल्ड्सना ती पटली नव्हती. पण पटली असती तरी बदलणार कशी? कर्नलमध्ये आपण कॉपीराइट कुणाच्या हवाली करत नाही. तुम्ही लिहिलेल्या चाळीस ओळी तुमच्या (किंवा तुमच्या मालक कंपनीच्या) राहतात, तुम्ही त्या जीपीएलखाली वापरायला देता, इतकंच. असे हजारो मालक आहेत, काही आता हयातही नाहीत. सगळ्यांची संमती गोळा करणं कुणाच्याच हातात नाही, म्हणून कर्नलचा परवाना कुणीही बदलू शकत नाही. टॉरवाल्ड्स नाही, लिनक्स फाउंडेशन ही कर्नलला पाठबळ देणारी संस्था नाही, कोणतीही कंपनी नाही. मी इतकी वर्षं या प्रकल्पात टिकलो त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : कुठल्याही प्रकल्पाला कोड देण्याआधी बगची यादी नंतर उघडा. आधी दोन फायली वाचा, लायसन्स आणि कॉन्ट्रिब्यूटिंग. तुमचं काम उद्या कुणाच्या ताब्यात जाणार, हे त्या दोन फायलींत ठरलेलं असतं.

बार्शीकर

दादा, लेख फार उपयोगी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक सरळ प्रश्न. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचं एखादं फंक्शन घेतलं, व्हेरिएबलची नावं बदलली, तर ते 'माझं' धरायचं का? कॉलेजात सगळे असंच करतात. आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एखाद्या रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) परवानाच नसेल तर तो कोड मोकळा समजायचा ना?

घाटमाथा

दोन्हींचं उत्तर नाही.

परवाना नसलेली रेपो मोकळी नसते, उलट ती पूर्ण बंद असते. कॉपीराइट आपोआप लागतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. परवाना म्हणजे मालकाने दिलेली सवलत. ती दिलेलीच नसेल तर वाचायला मिळतं, गिटहबच्या अटींमुळे तिथल्या तिथे फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, करता येतं, याच्या पुढे काही नाही. लेखकाला इश्यू उघडून विचारा, बहुतेक जण आनंदाने परवाना जोडतात.

स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए (मूळ कर्त्याचं नाव द्या, बदललेलं त्याच अटींवर वाटा) परवान्याखाली असतो. २ मे २०१८ नंतरची उत्तरं त्याच्या ४.० आवृत्तीखाली, आधीची जुन्या आवृत्त्यांखाली. ही ४.० आवृत्ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत नेता येते, तसं क्रिएटिव्ह कॉमन्सने २०१५ मध्ये जाहीर केलं, पण दुसऱ्या आवृत्तीत नेता येत नाही. आणि कर्नल दुसऱ्या आवृत्तीवर आहे. म्हणजे ते फंक्शन चिकटवून खाली सही केली तर पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही कलमांत ती सही खोटी ठरते. नावं बदलल्याने लेखक बदलत नाही. उत्तर वाचा, कल्पना समजून घ्या, टॅब बंद करा आणि स्वतः लिहा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो.

अपाचे २.० चंही असंच. मुक्त परवाना आहे म्हणून लोक डोळे झाकून उचलतात. त्यातल्या पेटंटच्या अटींमुळे तो जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी जुळत नाही, असं जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. एमआयटी आणि तीन कलमी बीएसडी दोन्हींशी जुळतात, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर काढायचा नाही.

कर्नलमध्ये नवी फाइल केलीत तर पहिल्याच ओळीत एसपीडीएक्सची खूण, म्हणजे परवान्याचं ठरावीक छोटं नाव, लागते. सी फायलीत दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी, हेडर फायलीत तिरपी रेघ-चांदणीवाली. २०१७ पासून ही पद्धत आहे. त्याआधी कित्येक फायलींत परवान्याचा लांबलचक मजकूर असायचा, दर ठिकाणी थोडा वेगळा, काहींत तर काहीच नसायचं, आणि कोणती फाइल नेमकी कशाखाली आहे हे शोधणं हेच एक काम होऊन बसायचं.

हिंजवडी_फेज_दोन

माझी अडचण वेगळी आहे. सर्व्हिस कंपनीत आहे, नऊ वर्षं झाली. ऑफर लेटरबरोबर जो जाडजूड करार सही केला त्यात 'नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व काही कंपनीचं' असं वाक्य आहे. मी घरी, रात्री, माझ्या लॅपटॉपवर एका वायफाय ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती केलीय. कंपनीच्या कामाशी काडीचा संबंध नाही. ही सही मी करू शकतो का? मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, कशाला या भानगडीत पडतोस.

काळा_कोट

याचं उत्तर कायद्यातून देते, बौद्धिक संपदेचंच काम करते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणक प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती'त मोडतो. कलम १७ (क) म्हणतं की सेवेच्या करारात, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता असतो, वेगळा करार नसेल तर. इथे 'नोकरीच्या ओघात' हे शब्द महत्त्वाचे. घरी, स्वतःच्या वेळेत, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काम त्यात सहसा बसत नाही. पण तुमच्या करारातलं ते 'सर्व काही' वाक्य कायद्याच्याही पुढे जातं. ते कोर्टात पूर्णपणे टिकेल का हा वेगळा वाद, आणि तो वाद तुमच्या पॅचवर व्हावा असं तुम्हाला नक्कीच वाटणार नाही.

तेव्हा मॅनेजरला विचारू नका, त्याला अधिकार नाही. एचआर किंवा लीगलकडे लेखी अर्ज करा : प्रकल्पाचं नाव, परवाना, कामाचं स्वरूप, कंपनीचं कोणतंही साधन वापरलेलं नाही. उत्तर ईमेलने आलं तरी पुरे, पण तोंडी नको. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत आता यासाठी छापील फॉर्म असतो, आतल्या पोर्टलवर शोधा.

आणखी एक मुद्दा भारतातल्या लोकांसाठी. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे तो करार लेखी लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कायदा धरतो. कलम ३० अ मुळे हे नियम योग्य त्या फेरफारासह परवान्यांनाही लागू होतात. अपाचेसारख्या परवान्यात 'कायमचा, जगभर' हे शब्द स्पष्ट असतात, ते आपल्या कायद्याच्या दृष्टीने फार कामाचे आहेत. एखादा प्रकल्प तुमच्यापुढे करार ठेवेल तेव्हा हे दोन शब्द आहेत का, आणि 'परवाना देतो' लिहिलंय की 'मालकी देतो', एवढं तरी वाचा.

विद्यार्थ्यांसाठी : तुम्ही कॉलेजचे नोकर नाही, त्यामुळे तुमचा कोड सहसा तुमचाच. इंटर्नशिप किंवा प्रायोजित प्रकल्प असेल तर कागद बघा.

राइनकाठ

'मालकी देतो की परवाना देतो' या मुद्द्यावर इकडचा, म्हणजे आम्ही जर्मनीत रोज वापरतो त्या साधनांचा अनुभव मांडते. आमचं सगळं काम टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनावर चालायचं. परवाना मोझिलाचा एमपीएल २.०. बाहेरच्या माणसाला कोड द्यायचा तर आधी ते बनवणाऱ्या हाशीकॉर्प कंपनीचा करार, म्हणजे सीएलए, मान्य करायचा. बॉट एक लिंक देई, आपण क्लिक करायचं, झालं. त्या क्लिकमध्ये कंपनीला तुमचं योगदान दुसऱ्या परवान्याखालीही देण्याचा हक्क जात होता. १० ऑगस्ट २०२३ ला कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी बिझनेस सोर्स लायसन्स जाहीर केलं. कोड वाचता येईल, वापरताही येईल, पण कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा उभारायची नाही. चार वर्षांनी तो कोड पुन्हा एमपीएल होणार.

ज्यांनी फुकट दुरुस्त्या दिल्या होत्या त्यांना कुणी विचारलं नाही, विचारायची गरजच ठेवलेली नव्हती. लोकांनी जुन्या एमपीएल कोडवरून ओपनटोफू नावाचं वेगळं साधन काढलं आणि त्याच सप्टेंबरात ते लिनक्स फाउंडेशनखाली गेलं. आम्ही तिकडे वळलो. वळणं शक्य झालं ते जुना परवाना मागे घेता येत नाही म्हणूनच, हे मात्र नोंदवायला हवं.

तेव्हापासून माझा नियम : करारात 'कोणत्याही परवान्याखाली' असे शब्द दिसले आणि समोर एकच कंपनी असली, की त्या प्रकल्पाला बग कळवते, कोड देत नाही.

जुनी_पेठ

सीएलएबद्दल इथे जरा एकतर्फी चाललंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सगळे करार सारखे नसतात. अपाचे फाउंडेशनचा करार घ्या. तो मालकी घेत नाही, कॉपीराइटचा आणि पेटंटचा परवाना घेतो, आणि समोर ना-नफा संस्था आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तर जीएनयू या आपल्या मुक्त प्रणालीच्या अनेक प्रकल्पांसाठी मालकीच मागायची, त्याबदल्यात हे काम कायम मुक्तच राहील असं लेखी वचन देऊन. कारण सरळ होतं. कुणी जीपीएल मोडली तर कोर्टात उभं राहायला मालक लागतो. सिस्कोने आपल्या लिंकसिस ब्रँडच्या उपकरणांत जीएनयूचा कोड वापरला आणि सोर्स नीट दिला नाही म्हणून फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला, मे २००९ मध्ये समेट झाला. पाचशे विखुरलेल्या मालकांनी हे कसं केलं असतं?

दुसरं उदाहरण व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं. २०११-१२ मध्ये त्यांना इंजिनचा परवाना जीपीएलवरून एलजीपीएल या तिच्या सैल रूपावर न्यायचा होता, दुसऱ्या प्रोग्रॅमांत ते सहज बसावं म्हणून. करार कुणाशीच नव्हता. जुन्या योगदात्यांना एकेक करून शोधावं लागलं, कंपन्या बदललेल्या, ईमेल बंद पडलेले. झालं शेवटी, पण ती मेहनत कुणावर येऊ नये. परवाना कधीच बदलू न शकणं हीसुद्धा अडचण ठरू शकते.

घाटमाथा

जुनी_पेठ, दोन्ही उदाहरणं मान्य आहेत. पण ज्या फाउंडेशनचं तुम्ही नाव घेतलंत, तिच्याच दोन मोठ्या प्रकल्पांनी ही अट सोडली. जीसीसी या कंपायलरने जून २०२१ मध्ये आणि जीलिबसी या सी लायब्ररीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डीसीओची सही पुरेशी मानायला सुरुवात केली. मालकीचे कागद पोस्टाने अमेरिकेला पाठवायचे, कंपनीकडून वेगळं ना-हरकत पत्र आणायचं, यात किती चांगले पॅच वाटेतच सुकले असतील. आणि व्हीएलसीला त्रास झाला हे खरं असलं तरी तो त्रास झाला याचा अर्थ प्रत्येक माणसाला विचारलं गेलं. मला तो त्रास मोलाचा वाटतो.

राइनकाठ, तुमच्या म्हणण्याला एक पुस्ती. करार नसला म्हणजे सुरक्षित, असंही नाही. रेडिस हा डेटाबेस बघा. परवाना तीन कलमी बीएसडी. हा परवाना इतका सैल की तो कोड घेऊन पुढचं काम वेगळ्या अटींवर काढायला कुणाचीच संमती लागत नाही. २० मार्च २०२४ ला कंपनीने पुढच्या आवृत्त्या एसएसपीएल (सेवा म्हणून चालवणाऱ्यांवर जादा अटी घालणारा परवाना) आणि स्वतःच्या परवान्याखाली नेल्या. आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशनखाली रेडिसच्या जुन्या कोडवरून व्हॅल्की उभं राहिलं, जुन्या योगदात्यांतले बरेच तिकडे गेले. मे २०२५ मध्ये रेडिस ८ बरोबर कंपनीने एजीपीएलचा (नेटवर्कवरच्या सेवांनाही लागू होणाऱ्या जीपीएलच्या रूपाचा) पर्याय दिला, तोवर फाटाफूट झालेली होती.

दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात त्या यासाठी. परवाना घट्ट की सैल, आणि कॉपीराइट विखुरलेला की एकाच हातात. घट्ट परवाना आणि विखुरलेली मालकी ही जोडी असेल तिथे तुमचं काम सगळ्यात जास्त सुरक्षित. कर्नलमध्ये तीच आहे. आणि घट्ट परवान्याने काय मिळतं ते लिंकसिसच्याच डब्लूआरटी५४जी राउटरमध्ये बघा. २००३ मध्ये त्यात लिनक्स आहे हे लोकांनी हुडकून काढलं, जीपीएलवर बोट ठेवलं, सोर्स बाहेर आला आणि त्यातून ओपनडब्लूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली जन्मली. हिंजवडी, तुम्ही ज्या वायफाय ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती केलीत तो आज कुठल्या कुठल्या डब्यांत चालतोय याचा हिशेब लागणार नाही.

अक्षरवेल

मी कोड लिहीत नाही, फॉन्ट करते. धागा वाचून वाटलं की आमच्याकडचं इथे यायला हवं, कारण देवनागरीचे मोकळे फॉन्ट आपण सगळेच वापरतो.

फॉन्टसाठी ओपन फॉन्ट लायसन्स, ओएफएल. १.१ आवृत्ती २००७ ची. रेड हॅटचे लोहित फॉन्ट आधी जीपीएलखाली होते, २०११ मध्ये ओएफएलवर आले. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हेही ओएफएलखालीच. या परवान्याची एक अट मला फार आवडते : बदललेला फॉन्ट ओएफएलखालीच राहिला पाहिजे, पण त्या फॉन्टमध्ये छापलेलं पुस्तक, पत्रिका, फलक यांच्यावर परवान्याचं कसलंही बंधन नाही. जीपीएलखालच्या फॉन्टबाबत इथेच शंका यायची, पीडीएफमध्ये फॉन्ट जोडला तर पीडीएफचं काय, म्हणून मग वेगळी सवलत लिहून ठेवावी लागे.

लोक चुकतात ते राखीव नावाच्या बाबतीत. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर तुम्ही 'क्ष'चा आकार दुरुस्त करून त्याच नावाने फॉन्ट वाटू शकत नाही. वेगळं नाव द्या किंवा दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवा. दुसरा मार्ग सगळ्यांच्या भल्याचा. नाहीतर जोडाक्षर एकाच्या संगणकावर नीट आणि दुसऱ्याच्यावर तुटकं दिसतं, आणि नाव तेच असल्याने कारण कळत नाही.

रानफूल

माझा प्रश्न कुणाला लहान वाटेल. घाटमाथांनी चौथं कलम सांगितलं, नाव कायम राहणार. मी आडनाव लावत नाही. आपल्याकडे आडनाव वाचल्याबरोबर जात मोजली जाते आणि ते मी नोकरीतही अनुभवलंय. फक्त स्वतःच्या नावाने, किंवा नाव आणि आईचं नाव असं लिहून कर्नलमध्ये सही चालते का? कुठेतरी वाचलं की 'खरं नाव' सक्तीचं आहे.

घाटमाथा

रानफूल, प्रश्न अजिबात लहान नाही.

आधी मजकूर 'खरं नाव वापरा, टोपणनाव नको' असा होता. २०२३ मध्ये तो बदलला. आता 'ओळखीचं नाव, निनावी योगदान नको' अशा अर्थाचा आहे. अट अशी की त्या नावामागे एक माणूस आहे, तो त्या ईमेलवर सापडतो आणि सहीची जबाबदारी घेतो. सरकारी कागदावरचं नाव कुणी मागत नाही. एकाच नावाने वावरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, तामिळनाडूत तर आडनावाची पद्धतच वेगळी. नाव आणि आईचं नाव बिनधास्त लिहा. फक्त पहिल्या पॅचला जे लिहाल तेच पुढे ठेवा, म्हणजे तुमचं काम एकत्र दिसेल. ईमेल मात्र विचारपूर्वक निवडा, कारण तो जगभरच्या आर्काइव्हमध्ये जातो आणि मागे घेता येत नाही. फोन नंबर, पत्ता काहीही लिहू नका.

खडकवासला

मी एका छोट्या सबसिस्टिमचे, म्हणजे कर्नलच्या एका भागाचे, पॅच तपासतो. परवान्यावर सगळं आलंय, तर मी रोजच्या नियमांवर लिहितो, कारण नाकारलेले बहुतेक पॅच परवान्यामुळे नाही, यामुळे परत जातात.

कंपनीच्या ईमेलमधून पाठवू नका. त्या मेलखाली आपोआप चिकटणारा 'हा मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करा' हा परिच्छेद सार्वजनिक मेलिंग लिस्टवर चालत नाही, तेवढ्या कारणाने मेंटेनर (त्या भागाची जबाबदारी असलेले) पॅच बाजूला ठेवतात. वर, काही मेल प्रोग्रॅम टॅबच्या जागी स्पेस घालतात आणि पॅच लागूच होत नाही. 'गिट सेंड-ईमेल' वापरा, साधा मजकूर, अटॅचमेंट नाही. आधी तो पॅच स्वतःलाच पाठवा आणि आलेल्या मेलमधून लावून बघा.

वर्णनात 'काय बदललं' ते डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच, 'का' ते लिहा. ओळ ७५ अक्षरांच्या आत. जुना बग दुरुस्त करत असाल तर 'फिक्सेस' ही ओळ, बग आणणाऱ्या कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक. दोघांनी मिळून केलं असेल तर 'को-डेव्हलप्ड-बाय' आणि लगेच खाली त्याच माणसाची साइन्ड-ऑफ-बाय, कारण त्याची सही तुम्ही गृहीत धरू शकत नाही, त्याला विचारूनच घालायची. दुसरी खेप पाठवताना शीर्षकात 'व्ही२' आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली, म्हणजे ते इतिहासात न जाता फक्त तपासणाऱ्याला दिसतं.

एक-दोन आठवडे वाट बघा, मग एकदाच नम्रपणे आठवण द्या. दर नऊ-दहा आठवड्यांनी एक आवृत्ती येते आणि तिच्यात दहा हजारांहून जास्त कमिट असतात. त्यातले दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे तयार बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचे, तेव्हा नव्या पॅचकडे बघायला कुणाला उसंत नसते.

आणि हे मनापासून सांगतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या योगदान-उपक्रमात टी-शर्टसाठी रीडमीत एखादा शब्द घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टांचा (बदल घ्या अशा विनंत्यांचा) पूर आला, मग आयोजकांना तो उपक्रम प्रकल्पांच्या पूर्वसंमतीपुरता मर्यादित करावा लागला. २०२० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, चुका मुद्दाम पेरलेले पॅच तपासणीतून सुटतात का हे बघण्यासाठी, कर्नलच्या लोकांना न सांगता प्रयोग केला. २०२१ मध्ये ते प्रकरण पेटल्यावर त्या विद्यापीठाचे जुने पॅचही एकेक करून पुन्हा तपासावे लागले. ज्यांनी ते तपासले त्यांनी ते स्वतःच्या वेळेत केलं. सही पाहून आम्ही विश्वास टाकतो. तो पुढच्या अनोळखी मुलालाही मिळावा असं वाटत असेल तर तुमच्या सहीला जपा.

बार्शीकर

एआयने लिहिलेल्या कोडचं काय? आमच्या बॅचमध्ये अर्ध्याहून जास्त मुलं तसंच करतात. सही माझी, पण कोड माझा नाही, असं होतं का?

घाटमाथा

तू विचारलंस त्याच प्रश्नावर क्यूईएमयू या दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पाने २०२५ मध्ये असा कोड न घेण्याचं ठरवलं. त्यांचं कारण थेट डीसीओचं : मॉडेलने दिलेल्या मजकुराचा मालक कोण आणि तो कशावरून आला हे तुम्हाला ठाऊक नाही, तर हमी कशी देणार? जेंटू लिनक्सने एप्रिल २०२४ मध्ये आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने त्यानंतरच्या महिन्यात असेच नियम केले. कर्नलने वेगळी वाट घेतली. साधन वापरलं तर 'असिस्टेड-बाय' या ओळीत त्याचं नाव लिहायचं, आणि साइन्ड-ऑफ-बाय फक्त माणसानेच टाकायची. म्हणजे चारही कलमं पूर्णपणे तुझ्या डोक्यावर.

माझं मत : पहिले काही पॅच हाताने लिही. तपासणारा विचारेल की इथे लॉक का घेतलंस, तेव्हा उत्तर तुझ्या डोक्यात असायला हवं. मॉडेलला विचारून दिलेलं उत्तर दोन मेलमध्ये ओळखू येतं, आणि मग पुढचे मेल कुणी उघडत नाही.

हिंजवडी_फेज_दोन

काळा_कोट ताई, लीगलला लिहिलं. आतल्या पोर्टलवर खरंच फॉर्म होता, 'बाह्य प्रकल्पातील सहभाग' नावाने, मॅनेजरलाही माहीत नव्हता. परवाना आणि रेपोची लिंक मागितलीय, कंपनीचा ईमेल वापरणार नाही असं लिहून मागितलंय. उत्तर येईपर्यंत पॅच थांबवतो.

बार्शीकर

मला 'ड्रायव्हर्स/स्टेजिंग'मध्ये (अजून कच्च्या असलेल्या ड्रायव्हरांच्या फोल्डरमध्ये) एका फंक्शनात एरर आली तर मेमरी सोडलेलीच नाही असं दिसतंय. दोन ओळींचा बदल आहे, हाताने केलाय, पॅचची मांडणी तपासणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट स्वच्छ गेली. कुणाला पाठवू?

खडकवासला

'गेट_मेंटेनर' स्क्रिप्ट पॅचवर चालव, नावं आणि लिस्ट ती देईल. मेंटेनर 'टू'मध्ये, लिस्ट 'सीसी'मध्ये. त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमधली टूडू फाइल आधी वाच, कधीकधी तो ड्रायव्हरच काढून टाकायचा ठरलेला असतो. गळती कुठल्या कमिटपासून आहे ते 'गिट ब्लेम'ने शोधून 'फिक्सेस' ओळ घाल. आणि तुझ्याकडे ते हार्डवेअर नसेल तर 'फक्त कंपाइल करून पाहिलं' असं स्पष्ट लिही. ते लिहिल्याने पॅच परत येत नाही.